हिरव्या पट्ट्याची गाठ

सबिहा दारात उभी राहिली तेव्हा बलभीमराव चहात बिस्कीट बुडवत होते. तिचा चेहरा बघून त्यांचा हात थांबला आणि बिस्कीट तुटून कपात गेलं. त्याचं त्यांना बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

"चोरीला गेलेली वस्तू परत आली, बाई," सबिहा म्हणाली. "माझं नाव तेवढं परत आलं न्हाय. ते आणून द्या."

चन्नम्माबाई हिरेमठांनी तिला बसायला सांगितलं. पोलिसातली हवालदारी संपल्यावर बाईंनी धाराशिवात खाजगी चौकशीची कामं सुरू केली होती. बहुतेक कामं लग्नाआधी मुलाची माहिती काढण्याची. शेजारचे बलभीमराव एसटीचे निवृत्त कंडक्टर. चौकशीत आपला मोठा हातभार लागतो असं त्यांचं मत होतं. बाईंनी ते कधी खोडून काढलं नव्हतं, एवढंच.

सबिहा रोज बेंबळीहून येऊन शिवांजली मॅडमच्या क्लासमध्ये कपडे शिवायची. क्लास बेली डान्सचा. नवशिक्या बायकांना शिकवायचं, त्यांच्यासाठी घेरदार घागरे, चकत्या लावलेले कमरपट्टे, झिरझिरीत ओढण्या, बोटांत घालायच्या पितळी झांजा विकायच्या आणि पहिले धडे व्हिडिओ करून मोबाईलवर फुकट टाकायचे, असा मॅडमचा सगळा कारभार. पुण्यात शिकून आलेल्या या सुनेच्या धंद्याला गाव आधी हसलं होतं. आता गावातल्याच बायका जिना चढून माडीवरच्या क्लासला जात होत्या.

नवशिक्यांसाठी पहिला पूर्ण पोशाख सबिहानं सोमवारी शिवून संपवला. हिरव्या मखमलीचा तिकोनी पट्टा, त्याला झुळझुळणाऱ्या चकत्या, नाडीचा घागरा, चोळी, ओढणी. सोमवारी क्लास बंद असतो आणि मॅडम सोलापूरला गेल्या होत्या. सबिहानं पोशाख हँगरला लावला, कुलूप घातलं आणि दुपारची बस धरली. संध्याकाळी मॅडम परस्पर क्लासवर आल्या, तर हँगर रिकामा. बुधवारी सकाळी पोशाख कापडी पिशवीत दाराच्या कडीला अडकवलेला सापडला.

"मॅडम म्हणल्या, तूच नेलास. दुसऱ्या कुणाला नमुना काढून द्यायला. सगळ्या बायकांसमोर म्हणल्या. येऊ नको म्हणल्या." बेंबळीत ही गोष्ट तिच्या आधी पोचली होती आणि ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका आपापली कापडं परत मागायला लागल्या होत्या.

"किल्ल्या किती?" चन्नम्माबाईंनी विचारलं.

एक मॅडमकडं, ती सोलापूरला. एक सबिहाकडं. तिसरी क्लासच्या खाली गजराबाईंच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला. सबिहा रोज दुपारी चहाला जायची तीच गिरणी. लागली तर कुणी मागून न्यायची. मॅडमनी त्याच संध्याकाळी गजराबाईंना विचारलं होतं. किल्ली कुणीच मागितली नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणून सगळं सबिहावर आलं.

"मग सोपं हाय," बलभीमराव म्हणाले आणि पुढं काय ते न सुचल्यानं कपातलं बिस्कीट चमच्यानं काढायला लागले.

शिवांजली मॅडम वाईट बाई नव्हत्या, पण एकदा बोललेला शब्द मागं घेणं त्यांना जड जात होतं. पोशाख परत आल्यापासून त्यांनी पिशवीतून काढलासुद्धा नव्हता. चन्नम्माबाई सबिहा आणि बलभीमरावांना घेऊन क्लासवर गेल्या आणि त्यांनी तो टेबलावर मांडला. चोळी जशी घडी घातली होती तशीच होती, सबिहानं खोचलेल्या टाचण्यांसकट. घागऱ्याची नाडी मात्र पार टोकापर्यंत सैल सोडलेली होती. पट्ट्याच्या मखमलीवर गाठीच्या चुण्या उमटल्या होत्या.

"मी तर एकदाही बांधून बघितला न्हवता," सबिहा म्हणाली.

बाईंनी पट्टा तिच्याभोवती धरला आणि चुण्या होत्या तिथंच गाठ मारली. गाठ सबिहाच्या डाव्या कमरेवर आली. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. नमुना चोरायचा तर काय लागतं, असं त्यांनी विचारल्यावर सबिहा पटकन म्हणाली की चोळी. पट्टा म्हणजे तिकोनी कापड, घागरा म्हणजे घेर, कुणीही कापील. चोळीचं कटिंग मात्र उसवून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

त्यानंतर आरोहीची पाळी आली. ही क्लासमधली सगळ्यात तयार विद्यार्थिनी, अंगानं वेताची छडी. तुळजापुरात स्वतःचा क्लास काढायचा तिचा विचार आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिनंही ते लपवलं नाही. पण सोमवारी ती तुळजापुरात जागा बघत फिरत होती म्हणे. चन्नम्माबाईंनी विकायला ठेवलेला दुसरा पट्टा तिच्या हातात देऊन बांधून दाखवायला सांगितलं. तिनं न बघता उजव्या कमरेवर गाठ मारली.

मग मिनाज. तीही सडपातळ. चुलत बहिणीच्या लग्नात घालायला तिनं हाच पोशाख मागितला होता आणि मॅडम नाही म्हणाल्यावर रुसून बसली होती. सोमवारी घरीच होते, असं ती म्हणाली. त्याला साक्षीदार कुणी नव्हतं. तिलाही पट्टा बांधायला लावला. गाठ उजवीकडं.

"आमच्यात सगळ्यांची तिथंच असते," मिनाज म्हणाली. "मॅडम आमच्याकडं पाठ करून उभ्या राहतात ना. त्यांची दिसती तिथं आम्ही बांधतो."

शेवटी बाईंनी सबिहालाही बांधायला लावलं. ती कधी नाचली नव्हती, पण तिचं मशीन वर्गाच्या मागंच होतं. तिनंही उजवीकडंच बांधली. बलभीमरावांना वाटलं, बाईंना आता वयानं गाठलं.

खाली उतरल्यावर दोघं गिरणीत शिरले. गजराबाई पन्नाशीच्या, उंच आणि भरल्या अंगाच्या. भुवयांपर्यंत पीठ. नवरा गेल्यावर गिरणी त्यांनी एकटीनं चालवली होती. जात्याच्या घरघराटात ओरडून बोलावं लागत होतं. किल्ली कुणी मागितली होती का, या प्रश्नाला त्यांनी बाईंकडं न बघता उत्तर दिलं, "न्हाय. कुणीच मागितली न्हाय." काट्याशेजारी डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला होता. बलभीमरावांनी विचारलं की एवढ्या आवाजात ऐकू काय येतं.

"ऐकायचं कुठलं? नुसतं बघायचं," गजराबाई म्हणाल्या आणि मोबाईल पालथा घातला.

घरी येताना बलभीमरावांनी गिरणीवरचा जुना राग काढला. सोमवारी संध्याकाळी ते ज्वारीचा डबा घेऊन गेले, तर शटर अर्धं खाली आणि आतून उद्या या अशी हाक. गिरणी मात्र धडाडून चालू. बाहेर ना एक डबा, ना एक माणूस. घरी बायकोनं विचारलं की चालू गिरणीवरून पीठ न घेता माणूस परत येतोच कसा. त्यांच्या मते हा अपमान होता. चन्नम्माबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि दोनदा पुन्हा सांगायला लावला, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्याकडं गेल्या, तर बलभीमराव दार लोटून मोबाईलसमोर उभे. शिवांजली मॅडमचा पहिला धडा चालू होता. पडद्यावर मॅडम समोर तोंड करून पट्टा बांधत होत्या आणि बलभीमराव कमरेला पंचा बांधत होते.

"तपासासाठी बघतोय," ते घाईनं म्हणाले. "कमर काय हलवली न्हाय मी."

बाईंचं लक्ष पंच्याकडं होतं. त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. बलभीमरावांना राग आला. आपण काय शोधून काढलं हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि बाईंनी सांगितलंही नाही.

त्याच संध्याकाळी क्लास सुरू व्हायच्या आधी बाईंनी सगळ्यांना वर बोलावलं. मॅडम, आरोही, मिनाज, सबिहा. गजराबाई आल्या, पण दाराच्या आत पाऊल टाकेनात. उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

"नमुना कुणी चोरला न्हाय," चन्नम्माबाईंनी सुरुवात केली. "चोरायचा असता तर चोळी उसवली असती. तिच्या टाचण्या जागच्या जागी हायेत. पट्टा मात्र बांधलेला, घागरा नेसलेला. म्हणजे नेणाऱ्याला कपडे बघायचे न्हवते, घालायचे हुते. चोळी घातली न्हाय, कारण ती अंगात गेलीच नसती. नाडी टोकापर्यंत सोडलीय. सबिहा, आरोही, मिनाज, तिघींना मिळूनसुद्धा एवढा घेर लागायचा न्हाय."

मिनाजला हसू आलं, पण कुणीच हसत नव्हतं म्हणून तिनं ते गिळलं.

"आता गाठ. चुण्या सांगतात, ती डावीकडं मारली. वर्गात शिकलेली बाई उजवीकडं मारती, कारण मॅडम पाठमोऱ्या असतात. सबिहा मागं बसून बघती, तीपण उजवीकडंच मारती. मग डावीकडं कोण मारील? बलभीमराव, आज तुमच्या पंच्याची गाठ कुठं हुती?"

बलभीमरावांचे कान तापले. "डावीकडं," ते म्हणाले आणि मग त्यांचं तोंड हळूहळू उघडलं. "मॅडम समोर तोंड करून हुत्या. माझ्या डाव्या हाताला त्यांची गाठ दिसली. म्या तशीच मारली, आरशात बघितल्यागत."

"तेच. म्हणजे ही बाई वर्गात शिकलेली न्हाय. नुसतं व्हिडिओ बघून शिकली. राहिली किल्ली. ती कुणी मागितली न्हाय, हे खरंच हाय. जिच्या भिंतीवर किल्ली टांगलेली असती, तिला मागावी लागत न्हाय. आन चकत्यांचा आवाज गल्लीत कुणालाच आला न्हाय, कारण त्या वेळी खाली रिकामी गिरणी धडाडत हुती. जातं कुणी फुकट झिजवत न्हाय, बलभीमराव. तुमचं दळण परत पाठवून ते चालू ठेवलं, कारण आतला दुसरा आवाज झाकायचा हुता."

गजराबाईंनी नाकारलं नाही. त्या उंबऱ्यावरून आत आल्या. पदर डोक्यावर घेतला.

"मालक गेल्यापास्नं हिरवं अंगाला लावलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "दिवसभर पीठ, रात्री पीठ धुवायचं. मोबाईलवर मॅडम सांगत्यात, कुठल्याबी वयाला जमतं, कुठल्याबी अंगाला. एकदा आले हुते वर. पोरी हसल्या न्हाईत, खोटं कशाला बोलू. पर मी उभी राहिले तिथनं सगळ्या बाजूला सरकल्या. मग खालीच शिकले. त्या दिवशी किल्ली दिसली. वाटलं, एकदा खाली आणून घालावं आन जागेवर ठेवावं. तर मॅडम जिन्यात. पोतं टाकलं त्याच्यावर आन म्हणलं, किल्ली कुणी मागितली न्हाय."

"आणि मग?" शिवांजली मॅडमनी विचारलं.

"मग सबिहाचं नाव निघालं. पोशाख गुपचूप कडीला अडकवला. मी रोज सांगायचं म्हणून जिन्यापतुर यायची. लाज वाटून माघारी फिरायची." त्या सबिहाकडं वळल्या. "नेलं ते एक येळ चालून जाईल. गप बसले ते वाईट. माफ कर म्हणायचं तोंड न्हाय मला."

बलभीमरावांना वाटलं, आता सबिहा रडेल. ती रडली नाही. रोज दुपारी गिरणीत याच बाईच्या हातचा चहा ती प्यायची, हे त्यांना आठवलं आणि त्यांनाच भरून आलं.

मॅडम तिच्याजवळ आल्या. आपलं चुकलं, उद्यापासून मशीनवर ये, असं हळू आवाजात म्हणाल्या. जिन्यात बायकांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. क्लासची वेळ झाली होती.

"असं कानात नको, मॅडम," सबिहा म्हणाली. "चोर म्हणलात ते सगळ्यांपुढं. आता न्हाय म्हणा, तेबी सगळ्यांपुढं."

शिवांजली मॅडमनी मान हलवली. बायका आत आल्या, पिशव्या ठेवल्या, पट्टे काढले. मॅडम नेहमीसारख्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी वर्गाकडं तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की सबिहानं काही नेलं नव्हतं, आपण शहानिशा न करता तिला चोर म्हणालो आणि ते लाजिरवाणं होतं. गजराबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते गजराबाईंनी स्वतः घेतलं. उंबऱ्याजवळून, गिरणीत बोलायची सवय असलेल्या मोठ्या आवाजात. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं दुसरीकडं बघितलं.

गजराबाई जायला वळल्या तेव्हा सबिहानं त्यांना थांबवलं.

"मला तुमचा राग हाय, मावशी. तो एवढ्यात जायचा न्हाय," ती मशीनवरचं फडकं काढत म्हणाली. "पर उद्या वर या. मागच्या रांगेत उभ्या राहा, माझ्याजवळ. बघते मी, कोण बाजूला सरकतंय ते."