मोरीजवळचा आडोसा

हे खरं घडलेलं आहे. कुणाला थापा वाटल्या तर वाटू देत. तो वास माझ्या नाकात आहे, तुमच्या नाही.

मी मोनिका. गारखेड्यात राहते, रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या देखभालीचं काम करते. गोष्ट मागच्या मे महिन्यातली, दौलताबादच्या अलीकडची. भर दुपारची.

रुळाकडेला आमच्या गँगची हत्यारं ठेवायची टपरी आहे, तिच्यामागं बायकांसाठी संडास बांधलेला आहे. त्याची चावी मुकादम सर्जेरावकडं. आत तो कोंबड्या पाळायचा आणि त्यांचीच अंडी उकडून आमच्यासमोर खायचा.

म्हणून आम्ही बायका रुळाखालून पाणी जायच्या मोरीजवळ जायचो. दोन्हीकडं वेड्या बाभळी, त्यामुळं अगदी रुळाला लागून बसावं लागायचं. एकीनं बसायचं, दुसरीनं ओढणी ताणून पाठमोरं उभं राहायचं. गाडी आली तर ओढणीला हिसका द्यायचा. बसलेली 'झालं' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही.

हा आमचा नेम.

त्या दुपारी माझं पोट बिघडलं होतं. गँगमधल्या कमरुन्निसा आपांना म्हटलं, "आपा, चला ना."

"तू हो म्होरं, मी आलेच."

मी जाऊन बसले. लगेच मागं कापड ताणलं गेलं...

आपांच्या हातात मनगटभर बांगड्या असतात. हात हलला की वाजतात.

बांगड्या वाजल्या नाहीत.

मग वास आला. कुजलेल्या मांसाचा. मोरीत कुत्रं मेलं असेल म्हणून मी नाक दाबलं. पण वास मोरीतून येत नव्हता...

कापडातून येत होता.

इतका वेळ माशा घोंघावत होत्या. त्याही एकदम गप्प झाल्या.

"आपा?"

मी वळून पाहिलं. कापडाच्या कडेवर चार बोटं होती. नखं नव्हती. बोटांवरून पिवळं काहीतरी ओघळत माझ्या चपलेपर्यंत आलं होतं.

मी ओकणार तेवढ्यात कापडाला जोरात हिसका बसला.

मी बाभळीत उडी मारली. माझ्या पाठीमागून इंजिन धडधडत गेलं. तोवर त्याचा आवाजच आला नव्हता.

गाडी गेल्यावर आपा धावत आल्या. लांबून.

"सर्जेरावनं थांबिवलं गं मला. काम टाकून कुठं चाल्ली म्हणला."

"मग कापड कुणी धरलं?"

कापड खडीवर पडलं होतं. हिरवं लुगडं, जुन्या रक्तानं कडक झालेलं. आपांनी वाकून त्याचा काठ उलटून पाहिला.

"ये तो सारजाबाईका है," त्या पुटपुटल्या.

सारजाबाई माझ्या आधी गँगमध्ये होती. एकदा सर्जेरावनं तिच्यासोबत कुणालाच सोडलं नाही. ती एकटी गेली आणि इथंच गाडीखाली आली. तेव्हाही संडासाची चावी त्याच्याच खिशात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीमागून तोच वास आला...

"कोंबडी मेली असंल एखांदी," म्हणत सर्जेरावनं कुलूप काढलं. दार उघडेना. त्यानं खांदा लावून पाहिलं.

आतून कडी होती.

कोंबड्यांचा आवाज नाही. फक्त लुगडं सावरल्यासारखी सळसळ...

सर्जेराव तिथंच भडाभडा ओकला. सकाळची अंडी सगळी बाहेर. मला त्याची कीव आली नाही, किळस आली.

आपांनी त्याला बाजूला सारलं. ओढणी काढून दारासमोर धरली आणि पाठ फिरवली. दुसरं टोक मी धरलं.

सर्जेराव त्यानंतर कामावर आला नाही. आम्ही अजूनही मोरीजवळच जातो. पण रोज आधी त्या दारासमोर ओढणी धरून उभ्या राहतो, वास सहन होईल तितका वेळ.

आतून अजून कुणी 'झालं' म्हटलेलं नाही.