पुसलेला चौकोन

“तुह्याच हातानं तू तुह्या नवऱ्याचा पुरावा पुसला. आता आमच्या नावानं बोंबलून काय फायदा?”

कुलदीप हे मंगलीच्या तोंडावर बोलला तेव्हा हर्षा वाळके गावसमितीच्या कार्यालयाच्या दारात उभी होती. मागं खुशाल होता. त्याच्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना.

“आधी थुंकून ये,” हर्षा त्याला म्हणाली. “बोललास की शिंतोडे उडतात.”

हर्षा वीस वर्षं वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातली यंत्रं सांभाळत होती. नोकरी संपल्यावर ऊर्जानगरात राहून ती खासगी तपासाची कामं घेऊ लागली. खुशाल तिथंच कंपनीची बस चालवायचा. आता तिची गाडी चालवतो. आदल्या दिवशी मंगली तिच्याकडे आली होती.

डोंगरगुडा हे जिवतीच्या डोंगरातलं मंगलीचं गाव. दोन आठवड्यांपूर्वी मंगलीचा नवरा पत्रू शेताच्या वाटेवर मेला. पाय भाजलेला होता. कोणीतरी रानडुकरांसाठी तारेत वीज सोडली होती, आणि पोलिस यायच्या आत तार काढून नेली होती.

जंगलात वाघासाठी कॅमेरे लावलेले आहेत. त्यांचे फोटो गावसमितीच्या कार्यालयातल्या संगणकावर उतरवतात. मंगळवारी एका फोटोत तारेचं भेंडोळं नेणारा माणूस दिसला. बुधवारी सकाळी फोटो गेला होता आणि स्क्रीन खराब झाली होती. कार्यालय झाडायचं काम मंगलीकडे होतं.

आज गुरुवार. सगळ्या गावानं तिला दोषी ठरवून टाकलं होतं.

“ओल्या फडक्यानं पुसलं असन,” कुलदीप म्हणाला. तो समितीचा संगणक चालवायचा. “बटनं दाबली असन. अडाणी बाईले यंत्राजवळ येऊ द्याचंच नाई.”

“मी हातच नाई लावला,” मंगली म्हणाली. “यानंच मना केलं होतं.”

“खोटी आहे ही!”

“तुम्ही कधी बंद केलं होतं?” हर्षानं विचारलं.

“मंगळवारी चारले. रिना मॅडमची बस गेली, मीही घरी गेलो. बुधवारी दहाले येऊन पाह्यतो तर हे असं. बाई आठले येते. तिच्याशिवाय कोण?”

“आठ वाजता वीज असते?”

“मेन स्विचच्या पेटीले मी कुलूप लावतो. मी आल्याशिवाय इथी दिवा लागत नाई.” हे त्यानं मान ताठ करून सांगितलं.

टेबलावर स्क्रीन उभी होती. खाली संगणकाचा डबा गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधला होता.

“हे कुठं चाललं?”

“चंद्रपूरले, दुकानात. दुरुस्तीले. नवीन सगळं भरून आणतो. दुपारच्या गाडीनं पाठवतो.”

हर्षा स्क्रीनसमोर वाकली. मधे मोठा चौकोन पुसलेला होता. त्यात पांढरट डाग होते, ओघळ होते, आणि ओघळ खालच्या पट्टीत उतरले होते. चौकोनाच्या बाहेर, चारही कडांना, पिवळसर धूळ जशीच्या तशी होती. त्या धुळीवर दोन तपकिरी थेंब वाळले होते.

“धूळ कशाची?” तिनं खुशालला विचारलं.

“धूळ म्हणजे धूळ,” खुशाल म्हणाला.

तिनं खिडकीकडं बोट दाखवलं. खिडकीला काच नव्हती. बाहेर तुरीच्या भुशाचा ढीग होता.

समितीचा अध्यक्ष अंकुश अंगणातच होता. तूर त्याची होती.

“माह्यावरच नाव टाकायचं असन तर टाका,” तो गुरगुरला. “पत्रूचं अन् माह्यं बांधावरून भांडण होतं, सगळ्यायले माहीत आहे.”

“मळणी कधी केली?”

“मंगळवारी. साडेचारले मशीन सुरू केली, सहाले बंद. तसाच ट्रॅक्टरवर बसून जिवतीले गेलो. सोबत चार मजूर होते, विचारा त्यायले. दुसऱ्या दिवशी अकराले आलो.”

“संगणक येतो?”

“मले मोबाईलच पोरगी लावून देते!”

रिना वाघांसाठी कॅमेरे लावणाऱ्या संस्थेची. ती ओसरीत तोंड फिरवून बसली होती.

“माझीही चौकशी करा,” ती म्हणाली. “फोटो मीच उतरवले. छोटीछोटी चित्रं चाळली. तार दिसली. फोटो संध्याकाळचा, काळपट; माणूस ओळखू आला नाही. कुलदीपला दाखवलं. कार्ड रिकामं करून परत कॅमेऱ्यात घातलं, आमची तशीच पद्धत आहे. चारच्या बसनं चंद्रपूरला गेले, बुधवारी पोलिसांना घेऊन यायचं म्हणून. मोबाईलवर एक फोटो काढून घेतला असता तर! चुकलं माझं.”

“पासवर्ड कोणाकडे?”

“मी आणि कुलदीप. आणि हो, त्या बाईवर ओरडू नका म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं.”

हर्षानं जिवती पोलिस ठाण्याच्या जमादाराला फोन केला. जमादार आला, तेव्हा तिनं सगळ्यांना खोलीत बसवलं.

“स्क्रीन कशी पुसायची ते आधी सांगते,” ती म्हणाली.

“आम्ही शिकवणीले आलो का?” कुलदीप म्हणाला.

“ऐक. आधी बंद करायची. थंड होऊ द्यायची. मऊ कोरडं फडकं, हलका हात. डाग निघाला नाही तर फडकं किंचित ओलं करायचं. स्क्रीनवर थेट काही फवारायचं नाही, ते खाली उतरून आत जातं. आणि बंदच का? काळ्या स्क्रीनवर धुळीचा कण न् कण दिसतो. म्हणून बंद स्क्रीन पुसणारा माणूस कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसतो.”

तिनं कडांकडं बोट दाखवलं.

“इथं फक्त मधला चौकोन पुसलाय. फोटो उघडतो तेवढाच. म्हणजे पुसताना स्क्रीन चालू होती आणि फोटो उघडा होता. आठ वाजता इथं वीजच नसते, हे कुलदीपनंच सांगितलं. मंगलीला फोटो कुठं उघडतो हेही माहीत नाही.”

“मग मॅडमनं पुसलं असन,” खुशाल म्हणाला.

“मॅडम चारला गेल्या. साडेचार ते सहा भुसा उडाला. तो कडांवर आहे, चौकोनात नाही. म्हणजे सहाच्या नंतर पुसलं. अंकुशभाऊ तेव्हा चार मजुरांसोबत ट्रॅक्टरवर होते, आणि त्यांच्याकडे पासवर्ड नाही. उरलं कोण?”

हर्षा दाराकडं वळली.

“दाराजवळ हात धुवायच्या स्पिरिटची फवाऱ्याची बाटली आहे. ते गरम स्क्रीनवर मारलं की पुसायच्या आत वाळतं. हे पांढरे डाग त्याचेच.”

“पण पुसायचं कशाले?” जमादारानं विचारलं. “फोटो उडवला, बस झालं.”

“फोटो संध्याकाळचा, काळपट. तो मोठा करून कोणीतरी चेहरा पाहत होता. तोंडात खर्रा, बोटाला चुना. काळ्या चित्रावर पांढरं बोट उमटलं, थुंकी उडाली. माणूस घाबरला. चौकोनातलं दिसलं तेवढं पुसलं. भुशावरचे हे दोन थेंब त्याला दिसलेच नाहीत.”

कुलदीपनं हातातली खर्ऱ्याची पन्नी खिशात घातली. “गावात सगळेच खर्रा खातात!”

“खातात. पण खराब झाली स्क्रीन, आणि तू आधी बांधलास डबा. डबा तर धड आहे. त्यात नवीन सगळं भरलं की उडवलेला फोटो कायमचा जातो. तोवर जात नाही.”

खुशालनं सुतळी कापली. हर्षानं जमादारासमोर डब्यातली डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही, आहे ते फक्त वाचायचं. पाऊण तास गेला.

पहिला फोटो आला, पत्रू मेला त्या संध्याकाळचा. खांद्यावर भेंडोळं, मान वळलेली. कुलदीप. मागं त्यानं बटाईनं केलेलं तुरीचं शेत.

त्याच संध्याकाळचा दुसरा फोटो आला. वेळ अर्ध्या तासानंतरची; म्हणजे कुलदीप तार काढून नव्हे, लावायला नेत होता. पत्रू. डोक्यावर लाकडाचा भारा. कॅमेरा कुठं आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं त्याकडं पाहून हात वर केला होता.

मंगली उठली आणि लॅपटॉपच्या जवळ गेली.

कुलदीप तिच्या पायांवर पडला. “काकू, डुकरासाठी होती तार. माणसासाठी नव्हती.”

“पाय सोड. तो रोज त्याच वाटेनं येत होता. तुले माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं काऊन नाई?”

“इसरलो. घरी जेवत होतो.”

“दोन आठवडे मले म्हणत होता, काकू, धीर धर. काल म्हणाला, तूच पुसलं.”

जमादारानं कुलदीपचा दंड धरला आणि दुसरा हात लॅपटॉप मिटायला पुढं केला.

“राहू द्या,” मंगली म्हणाली. तिनं स्टूल ओढलं. “याले इथी बसवा. हात वर केलेला माणूस याले नीट पाहू द्या. मंग न्या.”