रिस्पाची राखण

एलोजी मास्तर त्या दिवशी छत्री घेऊन घराबाहेर पडले ते यमुनाबाईच्या मुलाच्या, आत्मारामाच्या दहाव्याला. वैशाखातलं ऊन नऊ वाजताच कातळावर चढलं होतं. आता तुम्ही म्हणाल, यहुदी माणसाचं पिंडापाशी काय काम? अहो, तीस वर्षं पूर्णगडच्या शाळेत ज्यानं पोरांचे कान पिळले, त्यानं त्यातल्याच एकाच्या दहाव्याला जायचं नाही तर कुणी जायचं? मास्तरांची स्वतःची दोन्ही मुलं त्र्याहत्तर साली इस्राएलला गेली. बायको रिबका इथल्याच मातीत निजली. मास्तर मात्र हलले नाहीत. आता त्र्याऐंशी साल चालू होतं, आणि खाडीकाठी शनिवार पाळणारं घर उरलं होतं एकच.

गावाला मास्तर हवे असत ते गोष्टींसाठी. त्यांचे वडील आपल्या बेने इस्राएल लोकांत कीर्तन करायचे, टाळ घेऊन, चक्क मराठीतून. ते सगळं मास्तरांच्या जिभेवर होतं. संध्याकाळी मांडवात बाप्ये जाळी सांधायला बसले, बायकाही येऊन टेकल्या, की मास्तर शास्त्रातला एकेक माणूस उठवायचे आणि पूर्णगडात आणून बसवायचे. त्यांचा योना पळाला तो जयगडच्या गलबतातून, आणि त्याला गिळणारा मासा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी पाहिलेला होता!

दहा दिवसांपूर्वी त्यांनी रिस्पाची गोष्ट काढली होती. दुष्काळ हटावा म्हणून दावीद राजानं आधीच्या शौल राजाच्या वंशातले सात जण त्याच्या वैऱ्यांच्या हवाली केले. वैऱ्यांनी त्यांना डोंगरावर फासावर चढवलं आणि मढी तशीच उघड्यावर ठेवली. त्यातले दोघे रिस्पाचे मुलगे. तिनं कातळावर गोणपाट अंथरलं आणि बसली. दिवसा पाखरांना शिवू देईना, रात्री जनावरांना.

शास्त्रात तिच्या हातात काही नाही. काठी तिला दिली ती मास्तरांनी. समोर यमुनाबाई बसली होती. ती दिवसभर सुकत घातलेल्या मासळीची राखण करायची, फुटक्या चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठीनं कावळे हाकत. ती काठी आपटली की खर्रर्र वाजायची. मास्तरांनी तीच मागून घेतली, उभे राहिले आणि जमिनीवर आपटली. “हाऽऽ! हाऽऽ!”

बायका हसल्या. यमुनाबाई हसली नाही. तिनं विचारलं, “मग मास्तरांनू? किती दिस बसली ती?”

मास्तर सांगणार, तोच तिचा भाऊ महिपत धावत आला. आत्मारामाची होडी खाडीच्या तोंडावर उलटली होती. क्षणात मांडव रिकामा झाला आणि गोष्ट तिथंच राहिली.

मास्तरांचे वडील एका बाबतीत फार कडक होते. म्हणायचे, “एलोजी, कथा वाटेल तिथं थांबव, पण मढ्यापाशी थांबवू नको. ज्याला उठवून आणलंस त्याला परत पोचवल्याशिवाय घरी जायचं नाही.” मास्तरांना हे त्या रात्री आठवलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी आत्माराम वाळूवर सापडला. एवढ्या आकांतात गोष्ट पुरी करत बसायची कुणी?

असो. मास्तर किल्ल्याखालच्या कातळावर पोचले तेव्हा पिंड ठेवून झाला होता. सगळे मागे सरून उभे होते. पूर्णगडचे कावळे म्हणजे काय सांगावं! हातातली मासळी पळवतील, पोराच्या तोंडातला घास काढतील. आणि त्या दिवशी? उंडीच्या झाडावर नुसते काळे घोस लागले होते, पण एकही खाली येईना. ओरडेनासुद्धा.

महिपत हात जोडून पुढे झाला. “आत्माराम, आयेची काळजी करू नको रे. मी हाय.”

कावळे हलले नाहीत.

“तुझ्या भैनीचा, राहीचा लगीन मी लावून देतंय. सगळ्यांसमोर सांगतंय.”

एक कावळा उतरला. पिंडाच्या हातभर अलीकडे आला आणि कुणीतरी फटका घालावा तसा पंख दुमडून कोलमडला. मग कसाबसा उडाला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दुसरा आला, त्याचंही तेच. ऊन डोक्यावर आलं, कातळ भाजायला लागला, तरी भाताला चोच लागली नाही.

भिकाजी भटजी खाकरले. “दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्राला चालतं.”

“नको!” यमुनाबाई पहिल्यांदाच बोलली. “समुद्रानं आधीच माझ्या पोराचे हाल केले. आता गवताच्या कावळ्यावर त्याला वाटेला लावू नका. काय राहिला असंल त्याच्या मनात, ता मी इथं बसून विचारीन. उद्या, परवा… कधीपण.”

ती खाली बसली. तिला आता कुणी उठवू शकणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि तेव्हा मास्तरांनी ऐकलं. खर्रर्र. कातळावर, अगदी पिंडाजवळ.

त्यांनी यमुनाबाईच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

“यमुने… तुझी काठी कुठं आहे गो?”

“माझी काठी?” तिनं वर पाहिलं. “त्या संध्याकाळी तुमीच घेतलीत ना. परत खंय दिलीत?”

मास्तर चार पावलं पुढे गेले. पिंडाशेजारी कातळावर ओलसर चौकोन होता, माणूस बसेल एवढा. त्यावर गोणपाटाची वीण स्पष्ट उमटली होती. एवढ्या उन्हात ती वाळत नव्हती. कुजक्या तागाचा वास आला आणि त्या वासामागे दुसरा, ज्याचं नाव मास्तरांनी मनातही घेतलं नाही.

ते खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारा पिंडाला हात जोडतोय. मास्तर हलकेच बोलत होते, त्या चौकोनाशी.

“रिस्पाबाई… चूक माझी. पुढचं सांगायचं राहिलं. तू बसलीस ते राजाच्या कानावर गेलं. राजा शरमला. त्यानं सातही जणांची हाडं गोळा करवली, आणि शौलाचीही आणवली. सगळी मातीआड केली. देव प्रसन्न झाला, पाणी पडलं. आता कुणी त्यांना शिवणार नाही, बाई. हा दुसरीचा मुलगा आहे. याला जाऊ दे…”

वारा पडला. खाडीचं पाणीसुद्धा गप्प झाल्यासारखं वाटलं.

मग कावळे उतरले. एकदम सात. मोजायची इच्छा नसतानाही मास्तरांनी मोजले. पहिल्यानं भातात चोच घातली आणि यमुनाबाईनं जो हंबरडा फोडला, तो दहा दिवस तिच्या छातीत अडकलेला होता. महिपतानं तिला कुशीत घेतलं. मास्तरही रडले. आत्माराम सुटला होता.

परतताना यमुनाबाई मास्तरांजवळ आली. डोळे सुजलेले, पण आवाज मोकळा. “मास्तरांनू, तुमी काय पुटपुटलात ता मी ऐकला. म्हंजे गोष्ट पुरी झाली. मग ती बाय घराला गेली ना?”

मास्तरांनी मनातल्या मनात पानं उलटून पाहिली. शास्त्रात हाडांचं आहे, पावसाचं आहे, राजाचं तर पानोपानी आहे. पण रिस्पाचं पुढं काय झालं, एक अक्षर नाही. ऊठ बाई, घरी जा, असं तिला राजानंही सांगितलं नाही. आणि आत्ता मास्तरांनीही नाही.

“गेली हो,” मास्तर खोटं बोलले. मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी नेहमीसारखा भाकरीचा तुकडा विहिरीच्या कठड्यावर ठेवला. रिबका होती तेव्हापासूनची सवय. कावळा आला नाही. तुकडा संध्याकाळपर्यंत वाळून गेला. तिसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच.

शेजारची चिमा कुंपणावरून म्हणाली, “तुमचा नशीब मोठा मास्तरांनू! आमी काठ्या आपटून मरतंव, आनि तुमच्या अंगणात बोंबलाला कुनी शिवत नाय!”

मास्तरांनी हसल्यासारखं केलं. ओटीच्या खांबाला टेकलेली फुटक्या चिव्याची काठी तिला कुंपणावरून दिसत नव्हती. पायरीवरचा ओला चौकोनही.

रिस्पा जिवंत माणसाची राखण करत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मुलं समुद्रापलीकडे. आपल्यापाशी कोण बसेल, या विचारानं त्यांनी किती रात्री काढल्या होत्या. म्हणून भीती तर वाटायचीच, पण खोटं कशाला बोला, त्या भीतीत थोडा आधारही होता. त्याचीच त्यांना जास्त भीती वाटायची.

त्या दिवशी दिवेलागणीला ते दाराशी आले. पायरीकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, “बाई… घरी जा. मी अजून जिवंत आहे.”

बराच वेळ काही झालं नाही. मास्तरांना वाटलं, ऐकलं तिनं.

मग कौलांवर एक कावळा उतरला, मान वाकडी करून थेट मास्तरांकडे बघायला लागला, आणि पायरीवर काठी वाजली. खर्रर्र.