गेटवरून परत गेलेला माणूस

"काका, आईची पॉलिसी गायब झाली."

गल्लीतल्या देवेशचा फोन आला तेव्हा सोमनाथ वरणाला फोडणी देत होते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून ते हवालदारच होते. कुणाची स्कूटर गेली, कुणाचा भाडेकरू पळाला, की फोन त्यांनाच.

"गायब म्हणजे?"

"दवाखान्यात सांगतात, अशी पॉलिसी चालूच नाही. उद्या ऑपरेशन आहे. पैसे भरल्याशिवाय घेत नाहीत."

सोमनाथांनी गॅस बंद केला.

जालना रोडवरचा तो दवाखाना त्यांच्या ओळखीचा होता. दुसऱ्या मजल्यावरचं बाकडंही. त्यांच्या पत्नी मुक्ताबाई गेल्या तेव्हा ते त्याच बाकड्यावर बसलेले होते. आज तिथं देवेशचे वडील दत्तोपंत बसले होते. सोमनाथ उभेच राहिले.

"या, सोमनाथराव. तुम्हाला कशाला त्रास दिला यानं? काहीतरी कॉम्प्युटरचा घोळ असेल. चितेगावची एवढी मोठी कंपनी आहे याची. आईबापांचा सगळा खर्च तीच बघते."

"वहिनी कशा आहेत?"

"झोपली आहे अनसूया. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. हृदयाचं दुखणं, सोमनाथराव. घाबरवणारी गोष्ट मी घरात बोलतच नाही. गेल्या महिन्यात एक भामटा दारात आला, आधार कार्ड मागत होता. गेटवरूनच घालवला. हिला कळूसुद्धा दिलं नाही."

"लई तयार झालात."

"पेपर वाचतो मी. तुमच्या खात्यावर विसंबून कोण राहील?"

सोमनाथ हसले. देवेश हसला नाही. त्याच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, खांद्याला डब्याची पिशवी. त्यानं सोमनाथांना जिन्याकडं नेलं.

"बाबांसमोर नको, काका. माझी नोकरी गेली. लाइनच बंद केली कंपनीनं. दिवाळीनंतर शेंद्र्याला नवी लागतेय, मधले दोन-तीन महिने काढायचे होते."

"आणि पॉलिसी?"

"कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते. पण मुदतीत अर्ज केला तर त्याच विमा कंपनीत ती स्वतःच्या नावावर चालू ठेवता येते. आईचं दुखणं जुनं. नवीन पॉलिसी काढली तर या दुखण्याला काही वर्षं काहीच मिळत नाही. म्हणून मी मुदतीत अर्ज केला. आकाश एजंटकडं पैसे भरले."

"मग अडलं कुठं?"

"विमा कंपनी म्हणते, तपासणीला नकार दिला म्हणून अर्ज बंद केला. काका, मी कशाला नकार देऊ? मला कुणी विचारलंच नाही. आकाशनं पैसे खाल्ले, दुसरं काय."

"आता पुन्हा अर्ज?"

"मुदत गेली."

आकाश बोलावल्याबरोबर आला. दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर तिघं उभे राहिले. देवेशनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"पैसे कुठंयत?" सोमनाथांनी विचारलं.

"परत गेले साहेब, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात. विमा कंपनीनं परस्पर टाकले."

"देवेश, बघ."

देवेशनं फोन काढला. पगाराचं जुनं खातं. हप्ता भरल्यापासून त्यानं ते उघडलंच नव्हतं. पैसे तिथं पडून होते.

"मग मला सांगितलं का नाहीस?" तो आकाशला म्हणाला.

"भाऊ, मला वाटलं तुम्हीच नको म्हणलात. लॅबचा माणूस रक्त घ्यायला तुमच्या घरी गेला होता. घरून सांगितलं, आमची कंपनीची पॉलिसी आहे, गरज नाय. मी म्हणलं, नवी नोकरी लागली असंल, तिथली पॉलिसी मिळाली असंल. विचारायला पायजे होतं. चुकलं."

"लॅबवाल्याला फोन लाव," सोमनाथ म्हणाले.

लॅबवाल्याला नीट आठवत होतं. आधी देवेशला फोन केला होता, तो बंद लागला. पत्ता वाटेवरच होता म्हणून तसाच गेला. गेट उघडलंच नाही.

"सकाळीच गेला होतास?"

"व्हय. उपाशीपोटी रक्त घ्यायचं असतं ना."

"आत जायच्या आधी काय मागितलंस?"

"नेहमीचंच. आधार कार्ड. नाव जुळवावं लागतं."

सोमनाथांनी फोन परत दिला. चहा तसाच ठेवला.

"फोन का बंद होता रे तुझा?"

"त्या दिवशी शेंद्र्याला मुलाखत होती." देवेश म्हणाला. "लॅबचा आधी फोन येणार होता. मग मी घरी सांगणार होतो, कंपनीची वार्षिक तपासणी आहे म्हणून."

"आकाश, तू जा बाबा. तुझा दोष असलाच तर थोडा हाय."

तो गेल्यावर सोमनाथ हळू बोलू लागले.

"आता ऐक. नकार देणारा काय म्हणाला? कंपनीची पॉलिसी हाय. ती संपली हे तुला माहीत, आकाशला माहीत, तुझ्या कंपनीला माहीत. यातलं कुणी असं म्हणायचं नाय. असं तोच म्हणंल, ज्याला वाटतंय की तू अजून रोज चितेगावला जातोस. असे किती जण हायत?"

देवेशनं डब्याची पिशवी घट्ट धरली.

"आई अन्..."

"वहिनी गेटपर्यंत चालत जात नाहीत. अन् मघाशी दत्तोपंत मला काय सांगत होते? आधार कार्ड मागणारा भामटा. गेटवरून घालवला. तुला सांगितला नाय, वहिनींना सांगितला नाय. का? घाबरतील म्हणून. तू नोकरीचं का नाय सांगितलंस?"

"आईला सोसलं नसतं."

"मग झालं. बापानं तुझं वाईट केलं नाय, तू बापाचं केलं नायस. पण पॉलिसी गेली ती त्याच गेटवर."

"काही करता येईल?"

सोमनाथांनी आयुष्यभर चोर पकडले होते. पकडला की काहीतरी परत मिळायचं, निदान मोडकी स्कूटर. इथं परत मिळण्यासारखं काही नव्हतं.

"विमा कंपनीला अर्ज लिहू. तक्रार करू. पण उद्या सकाळपर्यंत उत्तर यायचं नाय. वहिनींना घाटीच्या सरकारी दवाखान्यात हलवायचं बघ. तिथं माझ्या ओळखीचा एक जण हाय. ऑपरेशनला नंबर कधी लागंल, ते मात्र मी सांगू शकत नाय."

दोघं वर आले. दत्तोपंत बाकड्यावरून उठले.

"काय, हवालदार? सापडला का चोर?"

सोमनाथ देवेशकडं बघत राहिले. हे त्यांनी सांगायचं नव्हतं.

देवेशनं डब्याची पिशवी बाकड्यावर ठेवली. "बाबा, मी चितेगावला जात नाही आता. नोकरी गेली. तो माणूस भामटा नव्हता. आईचं रक्त तपासायला आला होता. पॉलिसी चालू राहावी म्हणून."

दत्तोपंतांनी डब्याकडं बघितलं, मग मुलाच्या निळ्या शर्टाकडं. सावकाश खाली बसले. खोलीच्या दाराआड अनसूयाबाईंना खोकला आला आणि थांबला.

"कोवळा पोरगा होता," ते म्हणाले. "ऊन होतं. पाणी तरी द्या म्हणाला. मी दिलं नाही."

सोमनाथ त्यांच्या शेजारी त्या बाकड्यावर बसले.