मुनीबभाईंनी लावलेलं कुलूप

हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय. तुम्हाला पटो न पटो.

आणि रात्री नाही, भर दुपारी. १५ एप्रिल २०२५, मंगळवार. उस्मानपुऱ्यात एका मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आदल्या दिवशी जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून ओरडून माझा घसा पार बसला होता.

म्हणून त्या दुपारी मला किंचाळताही आलं नाही...

मी विशाखा. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. नाव सांगत नाही, वकिलांनी मनाई केलीय.

आमच्याकडं एका पॅथॉलॉजी लॅबचं काम होतं. हजारो पेशंटचे रिपोर्ट क्लाउडवर ठेवलेले. तिथं काही बदल करायचा तर आधी आपोआप एक फाइल बनते. प्लॅन फाइल. नवीन काय उभं राहणार, काय बदलणार, काय पाडलं जाणार, सगळं त्यात. ती वाचून कुणीतरी मंजुरी द्यायची, मग फाइलीत आहे तेवढाच बदल होतो.

पण त्या फाइलीत पासवर्डही असतात. उघडे.

आणि आमच्याकडं ती फाइल कॉमन फोल्डरमध्ये पडून असायची. बाहेरच्या कंत्राटी लोकांनाही दिसायची.

मुनीबभाईंना हे सहन व्हायचं नाही. ते आमचे सीनियर, हर्सूलला राहायचे. मंजुरीचं बटण दाबण्याआधी अंगठीनं टेबलावर दोनदा वाजवायची सवय होती त्यांना.

टक... टक.

"विशाखा, घर का नक्शा और तिजोरी की चाबी एकाच पाकिटात हाय," ते म्हणायचे. "अन् पाकीट जिन्यात पडलंय."

आमच्या बॉसना, बद्रीनाथ सरांना, त्यांनी तीनदा लिहून दिलं. फाइल वेगळ्या जागी ठेवू, कुलूप लावू, किल्ली दोघांकडंच राहील. चार दिवसांचं काम.

तीनही वेळा तोंडी उत्तर तेच. नंतर बघू.

जानेवारीत व्हायचं ते झालं. कुणीतरी त्या फाइलीतून पासवर्ड उचलला. कुणाला कॅन्सर, कुणाला एचआयव्ही... लोकांचे रिपोर्ट अनोळखी मोबाइलवर फिरले.

बद्रीनाथ सरांनी पोलिसांना सांगितलं, मुनीबनं फाइल उघडी टाकली. मुनीबभाईंनी लिहून दिलेलं सगळं सिस्टिममधून गायब झालं. आणि साक्षीदार म्हणून एका कागदावर सही लागत होती.

ती मी केली.

माझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. बस, एवढंच कारण. राग आला ना वाचून? मला रोज येतो.

मुनीबभाईंचं अकाउंट मीच माझ्या हातानं उडवलं. त्यांचा लॅपटॉप पोलिसांनी नेला. त्यांना कुणी कामावर घेईना. इतका हुशार माणूस, शेवटी वाळूजला एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला. फेब्रुवारीत सकाळच्या पाळीला जाताना ट्रकनं उडवलं. जागीच गेले.

ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली. बद्रीनाथ सरांनी डोळे मिटले होते.

आता ती दुपार.

सव्वातीन वाजले होते. लाइट गेलेली. इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालू. मी आणि आकाश, दोघंच. तो माझ्या हाताखाली नवीन.

लॅबचा एक बदल करायचा होता. मी काम सुरू केलं. स्क्रीनवर आलं, प्लॅन फाइल तयार.

कॉमन फोल्डर उघडला... रिकामा.

पुन्हा केलं... पुन्हा रिकामा.

"ताई, इथं बघा," आकाश म्हणाला. "फाइल भलत्याच जागी चाललीय."

क्लाउडवर एक नवीन कोठी बनली होती. कुलूपबंद. नाव होतं 'अमानत', विश्वासानं सोपवलेली ठेव. किल्ली दोघांकडं. एक मी.

दुसरं नाव मी दोनदा वाचलं...

मुनीबभाई.

"हे अकाउंट तर मी उडवलंय," मी म्हणाले. आवाज फुटत नव्हता.

आणि तेव्हा...

टक... टक.

कोपऱ्यातल्या टेबलावरून. मुनीबभाई गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही. वर नुसती धूळ असते.

आकाश माझ्याकडं बघत राहिला. "ऐकलं?"

मी मान हलवली.

केबिनमधून बद्रीनाथ सर आले. स्क्रीन बघितली आणि भडकले. "हा चावटपणा कुणाचा? पुसून टाक ती कोठी. फाइल ठेव नेहमीच्या जागी."

"सर, नेहमीच्या जागी ठेवली म्हणूनच तर..."

"तू मला शिकवू नको!"

त्यांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. त्या कोठीत आजची एकच फाइल नव्हती. जुन्या होत्या. जानेवारीतलीही होती. सरांनी ती उघडली. फाइलीला जोडून मुनीबभाईंचा तिसरा अर्ज होता, आणि खाली सरांचं उत्तर.

'राहू दे उघडीच. जबाबदारी माझी.'

हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सरांच्या मानेवरून घामाची धार लागली. त्यांनी 'पुसा' दाबलं. स्क्रीनवर आलं, किल्लीवाल्याची मंजुरी हवी, स्वतःच्या पासवर्डनं. विशाखा, हो की नाही?

"हो दाब," सर म्हणाले.

मी उभीच.

"दाब म्हणतो ना! नोकरी करायचीय ना तुला?"

कोपऱ्यातली खुर्ची सरकली... चाकं करकरली... आणि थांबली.

आकाश भिंतीला चिकटला. सरांनी तिकडं बघितलंच नाही. ते माझ्यावर ओरडत होते. मेलेल्या माणसाची नव्हती एवढी भीती त्यांना त्या उत्तराची होती. मला इतका संताप आला, की माझी भीतीच गेली.

मी वाकले आणि 'नाही' दाबलं.

त्याच क्षणी लाइट आली. पंखा सुरू झाला. खुर्ची टेबलापासून हातभर बाहेर होती.

सगळ्याची प्रत घेऊन मी आणि आकाश सरळ पोलीस स्टेशनला गेलो. कोठी उघडणाऱ्याची नोंद निघाली होती. सव्वातीन वाजता, मुनीबभाईंच्या लॅपटॉपवरून.

तपास करणाऱ्या साहेबांनी मुद्देमालाच्या खोलीतून लॅपटॉप आणला. "सील जसंच्या तसं हाय, मॅडम. जानेवारीपासून हात नाय लावला कुणी." पंचांसमोर सील तोडलं. लॅपटॉपवर हात ठेवला आणि झटकन काढला.

लॅपटॉप गरम होता.

मी खोटी सही केली हे त्याच दिवशी लिहून दिलं. नोकरी गेली. केस चालू आहे. बद्रीनाथ सर म्हणतात, ते उत्तर बनावट आहे.

गुरुवारी मी हर्सूलला गेले. मुनीबभाईंच्या बायकोकडं, जहांआराभाभींकडं. मूलबाळ नाही, घरात त्या एकट्याच. दार अर्धंच उघडलं.

"आता आलीस?" त्या म्हणाल्या. "सही करताना हात नाय कापला तुझा?"

मी ऑफिसात काय घडलं तेवढं सांगितलं. त्या दाराला धरून ऐकत राहिल्या. मला वाटलं, त्यांना जरा बरं वाटेल.

त्यांचा चेहरा लाल झाला.

"दोन महिने झाले. मी रोज वाट बघते. एक आवाज नाय, एक सपना नाय. अन् ते फाइली सांभाळायला ऑफिसात गेले?" त्यांचा आवाज चिरकला. "घरी का नाय आले? मी कोण नव्हते त्यांची?"

त्यांनी धाडकन दार लावलं. आतून त्यांचं रडणं ऐकू येऊ लागलं. "क्यूं नहीं आए... क्यूं नहीं आए..."

आणि त्या रडण्याच्या खालून... अगदी हळू... एका पुरुषाचा आवाज. समजावणारा. पुन्हा पुन्हा भाभींचं नाव घेणारा.

तो आवाज मी ऑफिसात रोज ऐकलाय.

भाभी तरीही तेच विचारत होत्या. क्यूं नहीं आए. त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

मी दार वाजवून सांगायला हवं होतं.

मी पळून आले.