कवड्यांचं मडकं

साप सांभाळणारा मडिवाळप्पा मेल्यानं त्याच्या हाताखालच्या व्यंकटीचं तीन बाजूंनी भलं होणार होतं. सर्पोद्यानातली कायम नोकरी, दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि डोक्यावरचा माणूस गेल्याचं सुख. त्यामुळे फौजदार लिंबाजी सोनकांबळे निलंगा रस्त्यावरच्या सर्पोद्यानाच्या फाट्यावर जीपमधून उतरले, तेव्हा गावानं गुन्हेगार ठरवून टाकलेला होता. असा आयता गुन्हेगार लिंबाजींना कधी पचत नसे.

साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, धड पाऊस होऊन तीन. नव्या जिल्ह्यात काहीतरी बघण्यासारखं हवं म्हणून सर्पोद्यान निघालं. दुष्काळातही त्याच्या पाच हौदांसाठी रोज टँकर येत होता. हौद मात्र चार कोरडे. पाचव्यात नाग, धामणी, घोरपडी, कासवं, सगळी एकमेकांच्या अंगावर.

"हे असं एकत्र का?" लिंबाजींनी विचारलं.

"पाणी पुरत न्हाई, साहेब." संस्थेचा सेक्रेटरी शरणप्पा हात जोडूनच बोलत होता. "माणसं एका खोलीत दहा ऱ्हातात, जनावरांचं काय घेऊन बसलात!"

"मडिवाळप्पा मेला कसा?"

"काल पिऊन आला. सापांच्या मडक्यात उघडा हात घातला. मण्यार डसली. चार दिवसांमागं जनावरं हलवताना त्यानंच चुकून तिला मडक्यात टाकली असंल. मला विचाराल तर मला दोरी आन् सापातला फरक कळत न्हाई."

क्वार्टरच्या उंबऱ्यात मडिवाळप्पाची बायको सिद्धम्मा बसली होती. शेजारी आवरलेली भांडी. शरणप्पाच्या सांगण्यावरून पंचनाम्यात दारू लिहिली गेली होती; ती तशीच राहिली, तर नवऱ्याचं नाव जाणार होतं आणि घरही.

"पीत होते का, बाई?"

"गळ्यात लिंग होतं त्यांच्या, साहेब. दारूच्या वासाला उभे ऱ्हात नव्हते."

"काल काय म्हणाले?"

"धा वाजता म्हनले, कवड्या सापानं धरलं, काय न्हाई होत. कवड्याला इख नसतंय ना. दुपारी पोट दुखाया लागलं, पापण्या मिटाया लागल्या. मग म्हनले, कवड्या नव्हता ग तो. शरणप्पांनी टेम्पोत घालून दवाखान्यात धाडलं. मला बसू दिलं न्हाई. उद्या लातूरला जानार होते. कलेक्टर साहेबाला भेटाया."

"कशासाठी?"

"हौदातली जनावरं एकमेकाला खाऊन राहिली, ते सांगाया."

व्यंकटी ते मडकं घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलेलं.

"घोरपड कवड्यांना खाईल म्हणून मडिवाळअण्णांनी त्यांना ह्यात ठेवलं," तो म्हणाला. "रोज आठ वाजता मोजायचे. काल पाच होते. पाटीवर हाय, बघा."

"आज?"

व्यंकटीनं काठीनं मडकं ओतलं. चार कवड्या साप निघाले. एक मण्यार, पोट फुगलेलं.

"दिसतात तर सारखेच."

"न्हाई साहेब. कवड्याचे पट्टे मानेपासून, पुढं ठळक. मण्यारीचे मागून सुरू होतात, शेपटीकडं दाट. अण्णांनी तिला पेटीत कोंडलं होतं. हौदात सोडली तवा एका रात्रीत धामणीची तीन पिल्लं खाल्ली तिनं."

"पेटीची किल्ली?"

"ऑफिसातल्या खिळ्याला."

"काल आठ ते दहा तू कुठं होतास?"

"टँकर उतरवाया गेलतो."

"कुठल्या हौदात?"

"हौदात न्हाई. शरणप्पा मालकाच्या द्राक्षाच्या बागेत."

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, धारवाडचे, मराठी जपून बोलणारे. त्यांनी चिठ्ठी दाखवली. शरणप्पाचं वळणदार अक्षर: "पान लागले आहे."

"मी समजलो, तंबाखूचं पान. टेम्पोवालाही म्हणाला, चक्कर आली. सूज नाही, जखम दिसेना. लिंबूपाणी दिलं, झोपवलं. मग श्वासच..."

लिंबाजींनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. साप चावला असं इकडं कुणी तोंडानं म्हणत नाही. म्हटलं की जनावर पुन्हा येतं. पान लागलं, एवढंच म्हणतात. धारवाडच्या माणसाला ते कुठून कळावं?

दुपारी ऑफिसात सगळे जमले. डॉक्टर, दोन शिपाई, व्यंकटी, दारात सिद्धम्मा. शरणप्पा टेबलामागं चहा पीत होता.

"मडक्यातलं जनावर आण," लिंबाजी म्हणाले.

व्यंकटीनं पिशवी टेबलावर झटकली. काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप सरसरत निघाला. शिपाई बाहेर. डॉक्टर बाकावर. शरणप्पानं कपबशी जरा बाजूला घेतली आणि घोट घेतला.

"सेक्रेटरी, भ्याला न्हाई?"

"कवड्याला काय भ्यायचं?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं. त्यानं कप खाली ठेवला.

"दोरी आन् साप कळत न्हाई म्हणाला होता," लिंबाजी म्हणाले. "मण्यार चार दिवस मडक्यात असती तर काल सकाळी पाच कवड्या मोजायला उरले नसते. कालच्या एका रात्रीत तिनं एक खाल्ला. म्हणजे ती काल आठ ते दहाच्या मध्ये आत गेली. व्यंकटी तेव्हा तुमच्या बागेत. किल्ली तुमच्या खिळ्याला. मडिवाळप्पा फक्त कवड्यांच्याच मडक्यात उघडा हात घालायचा, हे तुम्ही रोज बघत होता. तो लातूरला गेला असता, तर चार हौदांचं पाणी कुठं जातं ते निघालं असतं."

"पण चिठ्ठी मीच दिली ना? गावात सगळे तसंच म्हणतात!"

"म्हणतात. लिहीत न्हाईत." लिंबाजींनी अपघातांचं रजिस्टर उघडलं. "आधीचे तीन दंश. तुमचंच अक्षर. सर्पदंश, जात नाग. सर्पदंश, जात फुरसं. ह्याच एका वेळी तुम्हाला पान आठवलं. नव्या डॉक्टरला."

दारातून सिद्धम्मा म्हणाली, "साहेब, पंचनाम्यातली दारू खोडा आधी."

त्यांनी खोडली.

पुढं जे जे घडलं ते असं. शरणप्पाला जन्मठेप. टँकर बंद झाला आणि पंधरा दिवसांत त्याची बाग उभी वाळली. तोंड बंद ठेवून टँकर उतरवणाऱ्या व्यंकटीला नोकरी मिळाली नाही, कारण सर्पोद्यानच मोडलं. हौदात उरलेली नऊ जनावरं माहूरकडच्या जंगलात नेली, पोचली पाच. धारवाडच्या डॉक्टरांनी बदली मागून घेतली.

मोडलेल्या संस्थेचं क्वार्टर सरकारजमा झालं. सिद्धम्मानं भांडी डोक्यावर घेतली, किल्ली लिंबाजींच्या हातात दिली आणि उन्हातून फाट्याकडं चालू लागली.