खुंटीवरची चावी

भुताच्या गोष्टी रात्री घडतात, असं सगळेच सांगतात.

ही दिवसाढवळ्या घडली. आणि खरी आहे.

तारीख २० डिसेंबर २०१२, गुरुवार. वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक. ठिकाणं दोन. गोंदियाजवळचं कामठा, आणि तिथून खूप दूर दक्षिणेला, तळ्याकाठचं नवेगाव बांध. हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण ज्याच्यावर बेतलं तो हेमेंद्र बिसेन सगळं वहीत लिहून ठेवतो. भौतिकशास्त्राचा पदवीधर, गोंदियाच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक.

ती वही त्याने अजून जाळलेली नाही.

त्याची बायको भूमेश्वरी तेव्हा आठव्या महिन्यात होती. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मोटरसायकलवर अजिबात बसायचं नाही. म्हणून गाडी हवी होती.

नवी की जुनी, यावरून महिनाभर बापलेकाचं वाजत होतं.

"नवीच घे," सेवकराम म्हणायचे. "दुसऱ्याच्या हातची गाडी म्हणजे दुसऱ्याच्या हातचा बैल. कवा लाथ मारन, सांगता नाई येत."

"नवी यायला अडीच महिने आहेत, बाबूजी. तोवर सुनेला बैलगाडीत नेता का?"

"तुह्या मायले बैलगाडीतच नेलं होतं. काय बिघडलं?" म्हातारा थांबला. पोराकडे खालून वर बघत म्हणाला, "बिघडलं म्हणा थोडं."

शेवटी जुनीच ठरली. नवेगाव बांधच्या भैयालाल डोंगरवारची पांढरी गाडी. भैयालाल वर्षभरापूर्वी वारला होता. हेमेंद्रने प्रयोगशाळेतून व्हर्निअर नेऊन चारही टायरच्या खाचांची खोली मोजली. इंजिन ऐकलं. गाडीत खोट नव्हती.

भैयालालच्या बायकोने, जमुनाबाईने, त्याच्या हातात एक चावी ठेवली.

"आणि दुसरी?"

दुसरी दारामागच्या खुंटीवर होती. वर हार घातलेला फोटो. फोटोतला माणूस ह्याच गाडीजवळ उभा होता, आणि गाडीचं छप्पर त्याच्या छातीला लागत होतं.

"ते त्याची होय, भाऊ. ते तिथंच राहू द्या."

"दुसरी चावी तुमच्याकडे ठेवून गाडी कोण घेईल? उद्या कोणी उचलून नेली म्हणजे?"

बाईचा चेहरा दगडासारखा झाला. "चोर म्हणून राहिला काय आमाले?"

सेवकरामांनी मुलाचं कोपर ओढलं. "राहू दे ना बे. बैल घेताना दावं मागतो काय आपण? दावं जुन्याच गोठ्यात राहते. दावं आणलं त मागं मागं धनी येते."

"हा बैल नाही, बाबूजी."

आणि हेमेंद्रने स्वतःच्या हाताने ती चावी खुंटीवरून काढली.

जमुनाबाई अडवायला उठली नाही. फक्त रिकाम्या खुंटीकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने खिसा चाचपला… घराच्या कुलपाची चावी नव्हती. भूमेश्वरीने तिला हिरवा दोरा बांधला होता. गाडीत, वाटेत, कुठेच सापडली नाही. घरात दुसरी होती, म्हणून विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीत बसला…

पाय क्लचपर्यंत पोचेना.

सीट तीन खाचा मागे होती. आरसाही वर वळलेला. हेमेंद्रची उंची पाच फूट चार इंच.

"तुम्ही बसला होतात का?"

"मले स्टेअरिंग धरता येते काय?" सेवकराम खेकसले. "तुह्या घरात राहतो म्हणून सारं मीच करतो काय?"

त्याने सीट पुढे घेतली. रुळावर खडूची खूण केली. वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी, पुन्हा तीन खाचा.

चौथ्या दिवशी त्याने चारही दारांवर आडवा दोरा चिकटवला. सकाळी दोरे जसेच्या तसे होते.

सीट मागे.

पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवत होते. बापलेकाचं बोलणं बंदच होतं. आणि अंगणातून आवाज आला…

खट्.

खट्.

खट्.

भूमेश्वरीचा घास हातातच राहिला. "तुमी ते चावी परत करा," ती म्हणाली. "मी त्या गाडीत बसत नाई."

"मग दवाखान्यात कशी जाशील?"

"पायी जाईन."

तरीही तो आणखी सहा दिवस मोजत राहिला. खूण, दोरा, वही. त्याला कारण शोधायचं होतं.

अखेर गुरुवारी सकाळच्या एसटीने तो निघाला. गाडी अंगणातच ठेवली. त्याचा मफलर आदल्या दिवसापासून गाडीतच राहिला होता.

जमुनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्याने चावी पुढे केली. तिने हात पसरला नाही.

"आता कायले आणली?"

"तुमची आहे. ठेवा खुंटीवर."

"खुंटी भरली."

त्याने दारामागे पाहिलं…

खुंटीवर एक चावी लटकत होती.

तिला हिरवा दोरा बांधलेला होता.

"ही… ही इथे कोणी आणली?"

"तुमी त्याची नेली. त्यानं तुमची आणली." ती सुपातून खडा काढून बाहेर फेकत म्हणाली. "मी नाई म्हटलं होतं तुमाले. तुमी मले चोर म्हटलं."

त्याने घाईने घरची चावी काढली, गाडीची खुंटीला अडकवली. तेवढ्यात मोबाईल वाजला. बारा वाजून दहा मिनिटं. बाबूजी.

"पोचले काय रे? सून कशी हाय?"

"कुठे पोचलो?"

"दवाखान्यात. तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, अन् तू दारातच, गाडी सुरू करून आत बसलेला. मी म्हटलं, बरं झालं, पोरगा वाटेतून परतला. मी कुलूप लावून मागून ऑटोनं निघालो."

"बाबूजी… मी नवेगावला आहे."

पलीकडे सेवकरामांनी ऑटोवाल्याला जोरात घ्यायला सांगितलं.

"तोंडाभर गुंडाळलेला मफलर त तुहाच होता," सेवकराम हळूच म्हणाले.

हेमेंद्र गोंदियाला कसा पोचला, हे वहीत नाही. त्या दिवसाचं पान कोरं आहे.

भूमेश्वरी दवाखान्यात सापडली. मुलगी झाली होती. वजन कमी, पण जिवंत. तो खाटेजवळ गेला, तशी भूमेश्वरी भिंतीकडे सरकली.

"बोला," ती म्हणाली. "आधी काईतरी बोला."

"भूमे, मी आहे."

मग ती रडली, आणि तिने सांगितलं. कळांमुळे ती मागच्या सीटवर आडवी झाली होती. अर्ध्या वाटेत डोळे उघडले. पुढे बसलेल्या माणसाचं डोकं… छताला टेकलं होतं. मान वाकडी करून तो गाडी चालवत होता. ती ओरडली नाही. पोटावर हात ठेवून श्वास मोजत राहिली. वाटभर तो एक शब्द बोलला नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली. मागे न वळता तो म्हणाला,

"उतर. मी घरी जातो."

कोणत्या घरी, हे संध्याकाळी कळलं.

सेवकरामांनी निघताना घराला स्वतः कुलूप लावलं होतं. ते परतले तेव्हा गाडी अंगणात होती. कुलूप कडीला उघडं लटकत होतं. फोडलेलं नाही, चावीने उघडलेलं. आत चुलीजवळ एक ताट होतं. कोणीतरी वाढून घेऊन जेवलं होतं. ताटातच हात धुतला होता.

एक चावी सेवकरामांकडे होती, आणि हिरव्या दोऱ्याची तर हेमेंद्रच्या खिशात.

कुलूप बदललं. गाडी विकायलाही काढली. पण प्रत्येक गिऱ्हाईक शेवटी एकच विचारतं, दुसरी चावी कुठे आहे? आणि हेमेंद्र सौदा मोडतो.

गाडी अजून अंगणात आहे. अडीनडीला तीच काढावी लागते. तेव्हा भूमेश्वरी मुलीला कडेवर घेऊन दाराबाहेर उभी राहते आणि आधी नवऱ्याला बोलायला लावते. त्याचा आवाज नीट ऐकल्याशिवाय ती आत बसत नाही. गावातल्या बायका हसतात. ती हसत नाही.

तिने त्याला माफ केलेलं नाही. तो माफी मागतही नाही.

सीट वर्षभर जागची हलली नाही. हेमेंद्र रोज तपासायचा. हळूहळू त्याने वहीत लिहिणं सोडलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा सुरू केलं आहे.

नव्या कुलपाची एक चावी सापडत नाही.